मुंबईतल्या मराठी वाङ्मय मंडळांना खुले पत्र : फॅनफिक्शनला स्पर्धेत घ्या

मुंबईतल्या महाविद्यालयांच्या मराठी वाङ्मय मंडळांचे प्रमुख प्राध्यापक आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांना,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजं सुरू झाली की तुमच्या बैठका सुरू होतात. भित्तिपत्रकाचा विषय काय, हस्तलिखिताचं संपादन कोणाकडे, कथास्पर्धेला परीक्षक म्हणून कोणाला बोलवायचं, हे सगळं त्या पहिल्या काही दिवसांतच ठरतं. स्पर्धेचं पत्रक तर पुष्कळदा मागच्या वर्षीचंच तारीख बदलून फलकावर लागतं, आणि त्यात एक अट असते : कथा व पात्रे स्वतंत्र असावीत. यंदा ही अट सैल करा, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. दुसऱ्याच्या कथेतली पात्रं घेऊन वाचक-प्रेक्षक स्वतःच्या कथा लिहितात, त्या फॅनफिक्शनला तुमच्या मंडळात उघडपणे जागा मिळावी असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः अशाच एका मंडळाची कार्यवाह होते, तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. आणि गेली कित्येक वर्षं मी फॅनफिक्शन वाचते, लिहिते, नव्याने लिहिणाऱ्यांचे मसुदे तपासते.

माझ्या ओळखीची एक मुलगी करी रोडला राहते, एस.वाय.ला आहे. 'हायक्यू' ही शाळकरी मुलांच्या व्हॉलीबॉल संघाची जपानी मालिका तिला तोंडपाठ आहे. तिने त्यातली मुलं उचलून लालबागच्या एका गोविंदा पथकात आणली. गुरुपौर्णिमेला सराव सुरू होतो, रात्री दहानंतर, कामावरून माणसं परतल्यावर. मूळ मालिकेतला हिनाता बुटका, पण उडी मोठी मारणारा. तेव्हा इथे तो सगळ्यात वरचा एक्का होणार हे उघडच आहे. ज्याच्याशी त्याचं पटत नाही तो कागेयामा मधल्या थरात, आणि वर चढताना पाय ठेवायचा तो नेमका त्याच्याच खांद्यावर. तिने हंडी फोडण्याचा प्रसंग दोन ओळींत संपवला आणि थर उतरवण्यावर दोन पानं लिहिली. चढण्यापेक्षा उतरणं अवघड, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. वरच्याने घाई केली की खालचा कोसळतो. आठवडाभर न बोललेली ती दोन मुलं त्या उतरण्यात पहिल्यांदा बोलतात, आणि काय बोलतात, तर "हात सोडायच्या आधी सांग." मी ते ट्रेनमध्ये वाचलं आणि स्टेशन येऊनही दारापाशी तशीच उभी राहिले.

ही कथा तिने इंग्रजीत लिहिली होती. फिलिपीन्समधल्या एका वाचकाने तिला विचारलं, थर म्हणजे काय, खालच्या माणसाला वजन किती पेलावं लागतं. तिने सगळं समजावून सांगितलं. मग तिला वाटलं, ही गोष्ट मुळात मराठीच आहे. तिने ती नव्याने मराठीत लिहून काढली, इंग्रजीपेक्षा कितीतरी चांगली उतरली, आणि एका कॉलेजच्या स्पर्धेला पाठवली. पात्रं स्वतंत्र नाहीत या कारणाने ती वाचण्याआधीच बाजूला ठेवली गेली. आता ती म्हणते, मराठीत कशाला लिहायचं, वाचणार कोण? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे, असं मी मानते.

फॅनफिक्शन म्हणजे मोबाइल आल्यानंतरचं खूळ, असं अनेक प्राध्यापक समजतात. ते खरं नाही. शेरलॉक होम्सवर बेतलेल्या गोष्टी आर्थर कॉनन डॉइल हयात असतानाच इतर लोक लिहीत होते. डॉइल यांनी १८९३ मध्ये होम्सला मारलं आणि वाचकांच्या रेट्यापुढे दहा वर्षांनी परत जिवंत केलं, हे तुम्हाला माहीत असेल. पण आज ज्याला आपण फॅनफिक्शनचा समाज म्हणतो, म्हणजे लिहिणाऱ्या, वाचणाऱ्या, एकमेकींचं तपासून देणाऱ्या माणसांचं जाळं, ते घडलं अमेरिकेत साठच्या दशकात. 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची मालिका १९६६ मध्ये टीव्हीवर आली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये डेव्ह्रा लँगसम आणि शेर्ना कॉमरफर्ड या दोघींनी 'स्पॉकनेलिया' नावाचा चाहत्यांचा अंक काढला. स्पॉक या पात्राभोवती फिरणारे लेख, कविता, कथा. स्पॉकचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांचं पत्रही त्यात होतं. छपाई कसली, तर स्टेन्सिल कापायचं, यंत्राचं हँडल फिरवायचं, कागद जुळवायचे, टाचायचे आणि टपालाने धाडायचे.

हे वाचताना तुमच्यापैकी कोणाला मुंबईतलीच दुसरी गोष्ट आठवली असेल. त्याच्या दहाएक वर्षं आधी दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांचे मित्र इथे 'शब्द' सायक्लोस्टाइल करून काढत होते. मग साठच्या दशकात 'असो', 'येरू' आणि बाकीची लघुनियतकालिकं आली. प्रस्थापित मासिकांनी दारं लावली म्हणून स्टेन्सिलवर लिहिणारी ही माणसं आज तुमच्या अभ्यासक्रमात आहेत, त्यांच्यावर प्रबंध होतात, आणि ते योग्यच आहे. तेच यंत्र, जवळपास तोच काळ, तीच गरज. फरक दोन. आपल्याकडच्या चळवळीत पुरुषच पुष्कळ होते, 'स्टार ट्रेक'च्या अंकांमध्ये लिहिणाऱ्या, संपादन करणाऱ्या आणि वर्गणी भरणाऱ्या बहुसंख्य बायका होत्या. दुसरा फरक असा की आपली मंडळी मोठं साहित्य घडवायला निघाली होती. या बायकांना आवडत्या पात्रांसोबत आणखी थोडा वेळ काढायचा होता. हा दुसरा हेतू पहिल्यापेक्षा हलका आहे असं मी मानत नाही. कोणी काहीही बक्षीस देणार नसताना, नाव होणार नसताना माणूस पानंच्या पानं लिहितो, ते याच ओढीने.

टोकियोत १९७५ च्या डिसेंबरात मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, चाहत्यांनी आपले हौशी अंक विकायला एक छोटा मेळावा भरवला. सुरुवातीला बत्तीस गट होते. 'कॉमिकेट' नावाचा तो मेळावा आता वर्षातून दोनदा भरतो आणि काही लाख माणसं येतात. जपानमधल्या कित्येक नामवंत मांगा चित्रकर्त्यांची सुरुवात अशा हौशी अंकांतून झाली आहे.

आता जी गोष्ट मला तुम्हाला नीट सांगायची आहे ती मेरी स्यूची. १९७३ मध्ये पॉला स्मिथ या चाहतीने एक छोटीशी विडंबनकथा लिहिली. त्यात साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी स्यू, ताफ्यातली सर्वांत तरुण अधिकारी, जहाजावर येते, सगळे तिच्या प्रेमात पडतात, ती सगळं जहाज एकटी वाचवते आणि सगळ्यांना रडवून मरते. तेव्हा संपादकांकडे अशा नायिकांच्या कथांचा ढीग पडत होता, त्यांची ती गंमत होती. पण गंमत तिथेच थांबली नाही. पुढची कित्येक वर्षं कुठल्याही मुलीने आपल्यासारखी एखादी मुलगी कथेत आणली की 'ही तर मेरी स्यू' म्हणून तिची टर उडवली गेली. कित्येकींनी त्या भीतीने कथेत स्त्रीपात्रं घालणंच सोडलं. मी अनेकींचे मसुदे वाचले आहेत, त्यावरून सांगते : सोळा-सतराव्या वर्षी लिहिलेल्या पहिल्या कथेत स्वतःला नायिका करणं ही लेखनाची अगदी नैसर्गिक पायरी आहे. मुलगा लिहितो तेव्हा त्या जगज्जेत्या नायकाला आपण साहसकथा म्हणतो. मुलगी लिहिते तेव्हा हसतो. वाङ्मय मंडळात परीक्षक म्हणून बसणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास जाणून घ्यावा. नवख्या मुलीच्या पहिल्या कथेला काय शेरा द्यायचा, हे त्यातून कळतं.

या समाजाने आपले प्रकारही आपणच घडवले, आणि ते वाचकांच्या मागणीतून घडले. मालिकेत जे मोडलं ते दुरुस्त करणारी कथा म्हणजे फिक्स-इट. जखमी झालेल्या पात्राची शुश्रूषा, त्या जवळिकीतून उलगडणारं नातं, ही हर्ट-कम्फर्ट. तीच माणसं, पण वेगळं जग, म्हणजे एयू, लालबागच्या गोविंदासारखं. डायन मर्चंट यांची स्पॉक आणि कॅप्टन कर्क यांच्या प्रेमाची एक लहानशी कथा १९७४ मध्ये छापून आली आणि दोन पुरुषांच्या प्रेमकथांचा प्रकार त्यातून उभा राहिला. त्याला स्लॅश म्हणतात. त्या काळी हे अंक हातोहात, जपून फिरत. आपल्याकडे कलम ३७७ बाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ मध्ये आला. त्याच्या कितीतरी आधी या शहरातल्या काही मुलामुलींना आपल्यासारखं माणूस कथेत भेटलं ते इथेच. त्यातल्या दोघांना मी ओळखते. पाठ्यपुस्तकात त्यांच्यासाठी एक ओळ नव्हती.

टपालाचं जाळं इंटरनेटवर आलं तसा पसारा वाढला आणि प्रश्नही. लॉस एंजेलिसमधल्या शिंग ली या प्रोग्रॅमरने १९९८ मध्ये फॅनफिक्शन.नेट सुरू केलं, तिथे कोणीही कुठल्याही कलाकृतीवर लिहून टाकू शकत होतं. अ‍ॅन राइस या कादंबरीकारांनी आपल्या पात्रांवर लिहू नका असं चाहत्यांना सांगितलं, तेव्हा तिथून त्यांच्यावरच्या कथा उतरल्या. २००२ मध्ये प्रौढांसाठीच्या कथांना बंदी आली. २००७ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगसाठी जागा देणाऱ्या कंपनीने एका झटक्यात शेकडो खाती बंद केली. त्यात चाहत्यांची बरीच होती आणि त्यांचं वर्षानुवर्षांचं लिखाण एका रात्रीत दिसेनासं झालं. त्याच सुमारास चाहत्यांच्या कथांवर धंदा उभारू पाहणारी एक कंपनीही पुढे आली होती. तेव्हा या बायकांच्या लक्षात आलं की दुसऱ्याच्या जागेत राहायचं तर कधीही बाहेर काढलं जाऊ शकतं. त्यांनी त्याच वर्षी स्वतःची ना-नफा संस्था काढली, कादंबरीकार नाओमी नॉविक त्यांच्यात होत्या. २००९ च्या नोव्हेंबरात त्यांचा 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हा संग्रह सर्वांसाठी खुला झाला, त्यालाच आता सगळे एओथ्री म्हणतात. जाहिरात नाही, पैसा देणग्यांचा, काम स्वयंसेवकांचं. प्रोग्रॅमिंगही त्यांनीच केलं, कित्येकी ते करता करता शिकल्या. आज तिथे एक कोटीहून जास्त कथा आहेत. २०१९ मध्ये या संग्रहाला विज्ञानकथेतला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

आणखी एक काम त्यांनी केलं, ते मला सगळ्यात मोठं वाटतं. बंद पडत चाललेले जुने संग्रह त्यांनी आपल्याकडे हलवून घेतले आणि कागदी अंक जपण्यासाठी आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी हातमिळवणी केली. टाचलेल्या, पिवळ्या पडलेल्या त्या अंकांचं आज रीतसर जतन होतं. आपल्या कॉलेजांची हस्तलिखितं कुठे आहेत? आमच्या मंडळाची मी शोधायला गेले होते. कपाट रंगकामाच्या वेळी हलवलं, एवढंच उत्तर मिळालं. ज्यांच्या अक्षरातली पहिली कविता त्या वह्यांमध्ये होती, त्यातले काही आज नाव असलेले लेखक आहेत.

एओथ्रीवर मराठी ही भाषा निवडता येते. त्या यादीत मराठी कथा मोजक्याच आहेत. मुंबईत मराठी मुलं फॅनफिक्शन लिहीत नाहीत असं नाही, भरपूर लिहितात. लोकलमध्ये अंगठ्याने टाइप करत लिहितात. पण इंग्रजीत लिहितात, कारण वाचणारं, दाद देणारं, चूक दाखवणारं माणूस तिकडे आहे. मराठीत लिहिणाऱ्याला पहिला वाचक मिळायला वर्ष वर्ष जातं. फॅनफिक्शनमध्ये कथा टाकल्या रात्री कोणीतरी लिहितं की तिसऱ्या परिच्छेदात तो असं बोलणारच नाही, तो चिडला की गप्प बसतो. पात्राच्या बोलण्याकडे इतक्या बारकाईने पाहायला आपण वर्गात शिकवतो का? कथा प्रसिद्ध होण्याआधी ती वाचून दुरुस्त्या सुचवणाऱ्याला तिथे बीटा म्हणतात. हे काम कोणी कोणाकडून पैसे घेऊन करत नाही. मी ज्यांचे बीटा वाचन केलं त्यातल्या दोघी आज मराठीत व्यावसायिक लिहितात, मालिकांचे संवाद.

तुम्हाला एक प्रयोग सुचवते. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे 'एकच प्याला' केव्हाच सगळ्यांचं झालं आहे. एफ.वाय.च्या मुलांना सांगा, दळणकांडण करून संसार ओढणारी सिंधू मरत नाही, पुढे लिहा. किंवा तळीरामाची बायको गीता हिच्या बाजूने एक प्रसंग लिहा. ते लिहायला त्यांना नाटक परीक्षेपुरतं वाचून चालणार नाही. सिंधू नवऱ्याला सोडून जाईल का, गेली तर काय म्हणून जाईल, हे ठरवण्यासाठी तिचं प्रत्येक वाक्य पुन्हा पाहावं लागेल. गडकऱ्यांची ती लांबलचक, अनुप्रासांनी गच्च भरलेली वाक्यं हाताने लिहून पाहिली की कळतं, श्वास कुठे घ्यायचा ते. आणि गीतेचं बोलणं त्याच वळणाने जात नाही, हेही कळतं. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीतली यमूही अशीच आपल्या हाताशी आहे. तिच्या मैत्रिणीला, दुर्गीला, स्वतःची कथा सांगू द्या.

यावर कोणीतरी म्हणेल, हे तर आपल्याकडे होतंच, मोरोपंतांच्या नावावर १०८ रामायणं आहेत, त्यात ओठांनी उच्चारायची अक्षरं टाळून रचलेलं निरोष्ठ रामायणसुद्धा आहे. मला त्या परंपरेचा अभिमान आहे, पण तिचा दाखला देऊन फॅनफिक्शनला पावन करून घ्यावं असं मला वाटत नाही. रामकथेवर कोणाचा मालकी हक्क नव्हता. फॅनफिक्शन वाढली ती पात्रांना मालक असतात अशा काळात, आणि मालकाने न दिलेली जागा वाचकांनी प्रेमाने व्यापली. तिची अडचणही हीच आहे, म्हणून हक्कांचा प्रश्न टाळू नका. हयात लेखकाच्या किंवा एखाद्या कंपनीच्या पात्रांवर लिहायचं तर पैसा घ्यायचा नाही, मूळ कलाकृतीचं नाव वरच लिहायचं, आणि लेखकाने नको म्हटलं तर थांबायचं. बरेच हौशी लेखक हे नियम कित्येक वर्षं पाळत आले आहेत. स्पर्धेत रोख बक्षीस ठेवायचं असेल तर फॅनफिक्शन विभागाला ते नको, पुस्तकं द्या. छापील अंकात फक्त हक्कमुक्त पात्रांवरच्या कथा घ्या. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांना १९५७ चा कॉपीराइट कायदा समजावून सांगायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

अश्लीलतेची भीती मला समजते. कॉलेजात अठरा पूर्ण न झालेली मुलंही असतात, तेव्हा प्रौढ मजकूर नको, एवढं पत्रकात स्पष्ट लिहा, विषय संपला. उलट एओथ्रीवर बहुतेक कथांच्या माथ्यावर त्या कोणत्या वयासाठी आहेत, त्यांत हिंसा आहे का, कोणी मरतं का, हे आधी लिहिलेलं असतं. वाचकाला इतक्या आदराने वागवणारं लेखन आपल्याकडे फार थोडं आहे. खऱ्या माणसांवरच्या कथांबद्दल मात्र मी कडक आहे. गायक, क्रिकेटपटू, अभिनेते यांच्यावर फॅनफिक्शन लिहिली जाते, जगभर लिहिली जाते, पण मंडळाच्या स्पर्धेत ती घेऊ नका. ती माणसं आहेत, त्यांना घरदार आहे.

आणि दर्जा? पुष्कळ फॅनफिक्शन सुमार असते. तुमच्या स्पर्धेला येणाऱ्या स्वतंत्र कथांमध्येही गावाकडची म्हातारी आई आणि परदेशातला मुलगा किती वेळा भेटतात, हे तुम्हीच मला सांगा. सुमार लिहून लिहूनच हात बसतो. तोवर लिहीत राहायला सोबत लागते.

मला फार काही मोठं नको आहे. कथास्पर्धेत एक वेगळा विभाग. महिन्यातून एकदा, कॅन्टीनच्या मागे का होईना, तासभर वाचन, जिथे एकाने लिहिलेलं दुसऱ्याने आधी तपासलेलं असेल. आणि जे लिहिलं जाईल त्याची एक प्रत ग्रंथालयात नोंदवून ठेवायची, कपाटात नाही. परीक्षक मिळत नसेल तर मी येते, मानधन नको. माझ्या ओळखीत आणखी चारपाच जणी आहेत, बोरिवलीपासून कल्याणपर्यंत. रविवार सोडून कुठल्याही संध्याकाळी सहानंतर आम्ही येऊ शकतो. बीटा वाचन कसं करायचं यावर विद्यार्थ्यांसाठी दोन तासांची कार्यशाळाही घेऊ.

पत्रक छापायला जाण्याआधी अटींमध्ये एवढं घाला : "दुसऱ्या कलाकृतीतील पात्रांवर आधारित कथा स्वतंत्र विभागात स्वीकारल्या जातील. मूळ कलाकृतीचा व तिच्या निर्मात्याचा उल्लेख कथेच्या सुरुवातीस करावा."

आपली नम्र,
वाङ्मय मंडळाची एक माजी कार्यवाह
मुलुंड, मुंबई